खिडक्या सपाट आहेत, पण मी खेळलो कुठे होतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पत्रांच्या पानावर खड्डे, एसटीच्या वेळा, पाणीपट्टी, फार तर शुद्धलेखन असले विषय असतात, त्यात हे पोकेमॉनचं पत्र बघून तुम्ही हसाल हे माहितीये. पत्र लांबलंय पण, जागा नसेल तर खुशाल कापा, फक्त भाऊबीजेचा भाग ठेवा कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

२०२५ मध्ये १६ ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी, 'पोकेमॉन लेजेंड्स झेड-ए' हा नवीन गेम आला. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोकेमॉन म्हणजे नुसतं ते पिवळं पिकाचू आणि कार्टून नाही, मुळात तो गेम आहे, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला निन्टेन्डो कंपनीच्या गेमबॉय या हातात धरायच्या गेम मशीनवर आला, फेब्रुवारी २०२६ म्हणजे त्याची ३० वर्षं, आणि त्यात तुम्ही गावोगाव फिरून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे, बास, एवढंच आहे. तर माझ्या भाच्याला, वय वर्षं ११, दिवाळीला हा गेम मिळाला. भाऊबीजेला ताईकडे गेलो, ओवाळून झालं, चकली हातात घेऊन मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पोरगं एकदम रंगात आलेलं, मामा हे बघ, मामा ते बघ, मामा हा कसा उडी मारतो बघ.

आणि मी काय म्हणावं? म्हणलं, "ती बिल्डिंग बघ. खिडक्या बघ, बाल्कनी बघ. नुसतं चित्र चिकटवलंय भिंतीला. २०२५ साली असले ग्राफिक्स?"

मग म्हणलं पूर्ण गेम एकाच शहरात आहे, आळशीपणा आहे नुसता. मग म्हणलं गेम बाजारात यायच्या आधीच त्याचा पुढचा जादा भाग विकायला काढला होता यांनी, सप्टेंबरमध्येच, म्हणजे आधी कापून ठेवायचं आणि मग वेगळे पैसे घ्यायचे. हे सगळं मी अगदी ज्येष्ठ माणसाच्या सुरात बोलत होतो, चकली खात.

तो ऐकून घेत होता बिचारा. मग विचारलं, "मामा, तू कुठपर्यंत पोचलायस?"

"मी नाही घेतला अजून."

"मग तुला कसं माहीत?"

"व्हिडिओ बघितलेत ना मी."

यावर तो काही बोलला नाही. दोन मिनिटांनी गेम बंद करून खाली फटाके उडवायला गेला. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली काय बोललास रे त्याला, म्हणलं काही नाही, गेमबद्दल बोलत होतो. रात्री साडेदहाला पाणी प्यायला उठलो तर हा पांघरुणात आवाज बंद करून खेळतोय, आणि मी दिसल्याबरोबर त्याने ते मशीन उलटं करून उशीखाली सरकवलं. आईपासून नाही हां लपवलं, तिची परवानगी होती अकरापर्यंत. माझ्यापासून लपवलं.

हे मला लागलं. फार लागलं खरं तर.

म्हणून थोडं मागचं सांगतो. मी मिरजेचा, १९९२ चा जन्म. आमच्या पिढीला पोकेमॉन कळला तो कार्टून नेटवर्कवर हिंदीतून आणि चिप्सच्या पाकिटातल्या टॅझोंमधून, म्हणजे त्या गोल प्लास्टिकच्या चकत्या, शाळेत त्यांचा व्यापार चालायचा आणि मधल्या सुट्टीत त्यावरून मारामाऱ्या. गेमबॉय काय असतो हे आम्ही फक्त फोटोत बघितलेलं. मग कधीतरी सायबर कॅफेत एकाने दाखवलं की कॉम्प्युटरवर इम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की गेमबॉयचे गेम चालतात, आणि एका मित्राच्या भावाने सीडीवर 'फायररेड' आणि 'एमरल्ड' आणून दिले. फुकट. स्पेसबार दाबून धरला की गेम सुसाट पळायचा, लोडशेडिंग व्हायच्या आधी सेव्ह करायची घाई असायची, आणि इंग्लिश वाचता येत नसल्यामुळे निम्मी गोष्ट आम्ही मनानेच रचली होती. गेममधले ते म्हातारे प्रोफेसर माझ्या डोक्यात बरीच वर्षं आमच्या भूगोलाच्या सरांच्या आवाजात बोलायचे.

हे आठवणीत रमायला लिहीत नाहीये. मुद्दा असा की आम्ही, म्हणजे इथले बहुतेक जुने फॅन, या कंपनीला कित्येक वर्षं एक रुपया दिला नाही. निन्टेन्डोचं मशीन आमच्या लहानपणी इथे सहज मिळायचंच नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोड नाहीतर हिरा पन्नाला ग्रे मार्केटमध्ये मिळायचं आणि तिथल्या किमती ऐकूनच आमच्या घरच्यांनी हात जोडले असते. त्यामुळे चोरून खेळलो यात मला आज फार मोठं पाप वाटत नाही, दुसरा रस्ताच नव्हता. पण ज्याने तिकीट काढलेलं नाही तोच थिएटरात सगळ्यात मोठ्याने शिट्ट्या मारून पडदा खाली पाडायला बघतो, तसं आमचं झालं, आणि हे आम्ही एकमेकांत कधी बोलतच नाही.

शिव्या घालायला मी शिकलो २०१० साली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, हॉस्टेलला नवीन नवीन इंटरनेट, आणि 'ब्लॅक' आणि 'व्हाईट' हे गेम जपानमध्ये आले. त्यात त्यांनी एक मोठं धाडस केलं होतं, १५६ नवे प्राणी आणले आणि मुख्य गोष्ट संपेपर्यंत जुना एकही पकडायला ठेवला नाही, पिकाचू पण नाही. आता विचार केला तर भारी कल्पना आहे, सगळ्यांना पुन्हा पहिल्या दिवसासारखं वाटावं म्हणून. पण तेव्हा जगभर बोंब झाली. एक प्राणी कचऱ्याच्या पिशवीसारखा होता, ट्रबिश, एक आईस्क्रीमच्या कोनसारखा, व्हॅनिलाइट, झालं, लोक म्हणाले यांच्या कल्पना संपल्या, आता फ्रीज आणि मिक्सरचे पोकेमॉन येणार. (अशीही गंमत की वॉशिंग मशीन आणि फ्रीजमध्ये शिरणारा पोकेमॉन त्याच्या आधीच्याच गेममध्ये येऊन गेला होता.) सुरुवातीला जे तीन पर्याय देतात त्यात आगीचं एक डुक्कर होतं, टेपिग, ते वाढल्यावर आग आणि कुस्ती अशा दोन प्रकारचं होतं, आणि लागोपाठ तिसऱ्यांदा आगीवाल्याला हेच कॉम्बिनेशन दिलं म्हणून तर आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर बसून तास तास त्या डुकराची खिल्ली उडवली आहे. मी तेव्हा तो गेम अर्धा पण खेळलो नव्हतो, माझ्या लॅपटॉपवर तो धड चालायचाच नाही.

पण पहिल्या गेमच्या त्या १५१ प्राण्यांमध्ये काय होतं? व्होल्टॉर्ब म्हणजे नुसता चेंडू, त्याला दोन डोळे. मॅग्नेमाइट म्हणजे दोन लोहचुंबक, एक गोळा आणि तीन स्क्रू. ग्रायमर म्हणजे चक्क गटारातला गाळ. एक्झेगक्यूट म्हणजे सहा अंडी, बाजूबाजूला ठेवलेली. हे आम्हाला कलाकृती वाटायचं कारण ते बघताना आम्ही दहा वर्षांचे होतो, आणि कचऱ्याची पिशवी बघताना अठरा वर्षांचे झालो होतो. आता गंमत बघा, तेच 'ब्लॅक' आणि 'व्हाईट' आज फॅन लोक डोक्यावर घेऊन नाचतात, गोष्ट असावी तर अशी म्हणतात, त्यांची जुनी कार्ट्रिज चढ्या भावाने विकली जातात, कारण २०१० साली जे दहा वर्षांचे होते ते आता पंचवीसचे झालेत आणि आता त्यांच्या हातात माईक आहे. ते आता नवीन गेमना नावं ठेवतात. मी तर पैज लावायला तयार आहे, २०४० साली माझा भाचा कुठेतरी बसून म्हणत असेल की झेड-ए सारखी मजा आता राहिली नाही, त्या सपाट खिडक्यांची सर कशाला नाही.

२०१९ चं मात्र वेगळं होतं आणि तिथे मी लोकांना सरसकट दोष देणार नाही. या गेमचं वर्षानुवर्षं ब्रीदवाक्यच होतं की सगळे पकडा. लोकांनी जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर, तिथून पुढच्यावर, असं करत आपापले प्राणी पंधरा-सोळा वर्षं सांभाळून आणले होते, एखाद्याचा पहिला प्राणी लहान भावाने पकडून दिलेला, असलं सगळं. आणि जून २०१९ मध्ये त्या ई-थ्री नावाच्या मोठ्या गेम मेळाव्याच्या लाइव्ह कार्यक्रमात निर्माते जुनिची मासुदा यांनी सांगितलं की 'स्वॉर्ड' आणि 'शील्ड' मध्ये सगळे आणता येणार नाहीत, आठशेच्या वर संख्या गेली आहे, नव्या मशीनवर प्रत्येकाचं चांगलं ॲनिमेशन करायचं, लढाईत समतोल ठेवायचा, जमत नाही. लोक चिडले. चिडणारच. मग कोणीतरी जुन्या गेममधल्या आणि नव्यातल्या प्राण्यांचे सांगाडे शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की अरे हे तर तेच वापरलंय, मग कष्ट कुठे घेतले. मग एका झाडाचा फोटो निघाला, गेममधलं एक साधं झाड, आणि त्याच्या शेजारी १९९८ च्या एका गेममधलं झाड, की बघा वीस वर्षांत काय प्रगती. त्या एका झाडावर माणसांनी जेवढं लिहिलं तेवढं आमच्याकडे रस्ता रुंदीकरणात गेलेल्या वडांवर पण कोणी लिहिलं नसेल.

तक्रार रास्त होती, हे मी आजही म्हणतो. पैसे देणाऱ्याला विचारायचा हक्क आहे. पण आम्ही काय केलं, आम्ही त्या मासुदांना धरलं. कंपनी खोटारडी आहे अशा अर्थाचा हॅशटॅग जगभर फिरला, मी पण फिरवला, माझ्याकडे तेव्हा स्विच, म्हणजे निन्टेन्डोचं ते नवं गेम मशीन, नव्हता, घ्यायचा विचार पण नव्हता, पुण्यात एका स्टार्टअपमध्ये अठरा हजारावर काम करत होतो आणि लंच टाइममध्ये मोबाईलवर जपानी माणसाला वाट्टेल ते टाइप करत होतो. आता हे मासुदा कोण? तर १९९६ च्या पहिल्या गेमचं संगीत ज्यांनी केलं ते. तीच धून मी कॉलेजात दोन वर्षं रिंगटोन म्हणून ठेवली होती. माणूस तोच. हे मला तेव्हा माहीत होतं, तरी लिहिलं. लिहिताना काय वाटत होतं विचाराल तर खरं सांगतो, मजा येत होती. लाइक येत होते.

आणि त्या सगळ्या आगीचा कंपनीवर परिणाम काय झाला? तर पहिल्या शनिवार-रविवारी ६० लाख प्रती गेल्या. पुढे २०२० मध्ये दोन जादा भाग काढून दोनशेच्या वर जुने प्राणी परत आणले, आणि त्या जादा भागांचे वेगळे पैसे घेतले. म्हणजे आम्ही ओरडलो आणि आमच्याच ओरडण्याची त्यांनी पावती फाडली असं म्हणायला पाहिजे.

२०२२ ला तर अजून कहर. एकाच वर्षात जानेवारीत एक मोठा गेम आणि नोव्हेंबरमध्ये 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'. दुसरा अगदी कच्चा बाहेर काढला होता, यात वाद नाही, माणसं जमिनीत घुसायची, कॅमेरा जमिनीखाली जायचा, लांबची पवनचक्की अडखळत अडखळत फिरायची जशी काही कोणी हाताने ढकलतंय. निन्टेन्डोला डिसेंबरमध्ये अपडेटबरोबर चक्क दिलगिरी छापावी लागली. आणि तरी पहिल्या तीन दिवसांत १ कोटी, आजवर अडीच कोटींच्या वर. त्याचं कारण असं की या गेमची तारीख एकट्या गेमची नसतेच, त्याच्याबरोबर कार्टूनचा नवीन सीझन असतो, पत्ते असतात, खेळणी असतात, दप्तरं असतात, हे सगळं नाताळच्या आधी दुकानात लागायला हवं म्हणून ठरलेलं असतं, आणि गेम बनवणारी गेम फ्रीक ही कंपनी त्या सगळ्या पसाऱ्यात एक भागीदार आहे, मालक नाही एकटी. आता तिथल्या एखाद्या प्रोग्रामरने म्हटलं की सहा महिने थांबा तर कोण थांबणार. मी स्वतः आयटीत आहे, मार्चएंडला काय काय कच्चं बाहेर जातं हे मी डोळ्याने बघतो, आणि क्लायंट ओरडतो तेव्हा फोन कोणाला येतो, तर तारीख ठरवणाऱ्याला नाही, ज्याने कोड लिहिला त्याला. हे सगळं मला माझ्या नोकरीत कळतं आणि पोकेमॉन म्हटलं की कळत नाही, याचं मला आता नवल वाटतंय.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, महाराष्ट्रातल्या फॅन लोकांचा, चाळीस-बेचाळीस जण. २०२४ मध्ये गेम फ्रीकचा सर्व्हर फोडून कोणीतरी सगळा माल बाहेर टाकला, जुनी चित्रं, रद्द झालेले प्राणी, आणि त्यातच तिथे काम करणाऱ्या अन् केलेल्या लोकांची नावं आणि ईमेल, कंपनीनेच सांगितलं अडीच हजारांच्या वर. ग्रुपवर त्या दिवशी गणपती आल्यासारखा आनंद. चित्रं बघायला मी पण बघितली, खोटं कशाला बोलू. पण एक जण लिहितो की आता यांना कळेल, आणि त्यावर वीस हसरे चेहरे. कोणाला कळेल? ज्या बाईने झाडाला रंग दिला तिला? ती काय तारीख ठरवायला गेली होती का.

याच ग्रुपवर कोल्हापूरची एक मुलगी होती, बारावीला वगैरे असेल. तिला शायनी शोधायचा नाद, म्हणजे वेगळ्या रंगाचे दुर्मिळ प्राणी, एरवी चार हजारांतून एखादा निघतो, तिला एखादा मिळाला की लगेच फोटो, सोबत एक ओळ, आज ४०० वा प्रयत्न, आज मिळाला. 'स्कार्लेट' मधला फोटो टाकला की खाली कोणीतरी लिहायचं, एवढा फालतू गेम खेळायला वेळ कसा मिळतो तुला. रोज. थट्टेतच, पण रोज. तिने कधी भांडण केलं नाही, नुसते फोटो टाकायचे बंद केले, आणि मग एक दिवस 'लेफ्ट' दिसलं. ग्रुपचा ॲडमिन मीच आहे. कोणालाही मी एकदाही थांबवलं नाही, कारण आतून मला ते बरोबरच वाटत होतं, की या गेमवर खूश होणारे लोक आहेत म्हणूनच कंपनी सुधारत नाही. बारावीतल्या मुलीमुळे जपानमधली कंपनी सुधारत नाही. लिहून बघितलं की कसं येड्यासारखं दिसतं ना.

हे असं का होतं याचा मी बराच विचार केला, दिवाळीनंतर. एक तर सोपं कारण आहे, रागाला प्रेक्षक मिळतो, लाल बाण काढलेल्या, तोंड वासलेल्या फोटोच्या व्हिडिओला लाखो लोक येतात आणि मी पण तेच बघतो, "मला तर आवडला बुवा" या नावाचा व्हिडिओ मी उघडला असता का, नसता. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. नावं ठेवणं हे आमचं ओळखपत्र झालंय. नवीन गेम आवडला म्हटलं की तू पोरगा, कालचा. शिव्या घातल्या की तू जुना, जाणकार, टॅझोच्या जमान्यातला. आमच्याकडे मिसळ खाताना नाही का, पहिल्या घासाला "पूर्वीची चव राहिली नाही" म्हणणारा माणूस आपोआप वयाने आणि मानाने मोठा होतो, चव काय आहे ते तिसऱ्या घासाला बघू. तसंच. २०१४ मध्ये जुन्या गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा एका परदेशी वेबसाइटने १० पैकी ७.८ मार्क दिले आणि उणी बाजू म्हणून लिहिलं की पाणी फार आहे. खरंच फार आहे हो त्यात पाणी, अर्धा नकाशा समुद्र आहे, 'एमरल्ड' मध्ये पण तोच नकाशा, मी स्वतः ते खेळताना त्या समुद्राला वैतागलो होतो. पण ते लिहिणाऱ्यावर अख्खी जमात तुटून पडली आणि आज अकरा वर्षांनी पण तो विनोद चालूच आहे. म्हणजे आम्हाला टीका आवडते असंही नाही बरं का, आमचीच टीका आवडते.

आता कोणी म्हणेल मग काय गप्प बसायचं का. नाही. मला ते दुसऱ्या टोकाचे पण तेवढेच डोक्यात जातात, ज्यांच्यासमोर साधं म्हटलं की बाबा गेम अडखळतोय तर लगेच "तू हेटर आहेस, खेळू नकोस". अहो पाच हजार दिलेत, अडखळतोय तर सांगायचं नाही का? २०२५ च्या जूनमध्ये नवीन स्विच २ आला तेव्हा 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' ला मोफत अपडेट मिळालं आणि गेम एकदम लोण्यासारखा चालायला लागला, पण त्यासाठी नवीन मशीन घ्यावं लागतं, आणि ही तक्रार कोणीतरी नीट, थंड डोक्याने, आकड्यांसकट लावून धरायला हवी होती. नाही धरली. कारण आमचा सगळा आवाज आधीच झाडं, खिडक्या आणि डुकरं यांच्यावर खर्च झाला होता, आणि जो माणूस रोज लांडगा आला रे करतो त्याचं कोण ऐकतंय.

झेड-ए मध्ये तर त्यांनी लढाईच बदलली. जवळजवळ ३० वर्षं मुख्य गेममध्ये पाळीपाळीने लढायचं असायचं, आधी तू मग मी, बुद्धिबळासारखं. आम्ही किती वर्षं बोंबलत होतो की तेच तेच आहे, काहीतरी नवीन करा. आता केलं, सगळं थेट, पळत पळत, वेळेवर बटण दाबायचं, तर ग्रुपवर पहिला मेसेज काय, हा पोकेमॉनच नाही. कोणाचा होता विचारू नका.

तर भाऊबीजेनंतर तीन आठवड्यांनी मी परत ताईकडे गेलो. जाताना भाच्यासाठी काही नेलं नाही, मुद्दाम, नाहीतर त्याला वाटलं असतं मामा लाच देतोय. जेवण झाल्यावर म्हणलं, मला दाखव ना तो गेम. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं आमच्या ऑफिसमधले लोक एचआरच्या मेलकडे बघतात. म्हणाला, "तुला नाही आवडणार." म्हणलं बघू तरी. मग त्याने एक काम केलं, या गेममध्ये एका माणसाला एकच सेव्ह मिळतो, तर त्याने मशीनवर वेगळं प्रोफाइल उघडून दिलं, नाव टाकलं 'मामा', फोटो म्हणून स्नॉरलॅक्स लावला, तो झोपलेला जाडा. काही बोललो नाही.

सुरुवातीला तीन पर्याय येतात, यात चिकोरिटा, टोटोडाइल, आणि तिसरा कोण, तर टेपिग. तेच डुक्कर. २०१० चं, गच्चीवरचं. माझा अंगठा आपोआप टोटोडाइलकडे गेला, आणि भाचा म्हणाला, "मामा टेपिग घे, तो लय भारी आहे, तो शिंकतो तेव्हा नाकातून आग येते." त्याला त्या डुकराचा इतिहास काहीच माहीत नाही. लागोपाठ तिसऱ्यांदा वगैरे. त्याच्यासाठी ते फक्त एक नाकातून आग काढणारं डुक्कर आहे.

घेतला. दीड तास खेळलो, तो शेजारी बसून सांगत होता कुठे जायचं, आणि मधेमधे तक्रारी पण करत होता बरं का, एकदम पक्क्या, की रात्री ज्या लढाया असतात त्या सारख्या त्याच त्याच वाटायला लागतात, आणि गल्ल्या सगळ्या सारख्या दिसतात म्हणून त्याला नकाशा उघडावा लागतो, आणि एक मिशन त्याने तीनदा केलं कारण काय करायचं तेच नीट लिहिलेलं नाही. मी ऐकत होतो. माझ्या भाऊबीजेच्या भाषणात यातली एकही गोष्ट नव्हती, कारण यासाठी खेळावं लागतं. विचारलं, एवढ्या चुका आहेत तर मग खेळतोस कशाला? तर म्हणाला, "आवडतो म्हणून." आणि परत "डावीकडे वळ, डावीकडे, अरे मामा डावीकडे!"

त्या कोल्हापूरच्या मुलीला मी मागच्या आठवड्यात मेसेज केला, सॉरी म्हणलं, आणि ग्रुपवर परत ये म्हणलं. तिने अंगठा दाखवला फक्त. आली नाहीये अजून. तिच्याजागी मी असतो तर मी पण आलो नसतो. ग्रुपवर मात्र मी आता कोणी न खेळता बोलायला लागला की एवढंच विचारतो, कुठपर्यंत पोचलायस? दोघं तिघं चिडून निघून गेले, एक जण म्हणाला ॲडमिन विकला गेला, कंपनीने पैसे दिलेत याला. दिले असते तर निदान स्विच २ घेतला असता हो.

शनिवार-रविवारी पुण्याहून ताईकडे चक्कर होते आता. टेपिग वाढून त्याचा पिगनाइट झालाय. आणि खिडक्यांचं म्हणाल तर परवा एका गल्लीत अगदी जवळ जाऊन बघितल्या मी, भाच्याला पण दाखवल्या. सपाटच आहेत.

आपला,
एक जुना पोकेमॉन ट्रेनर, मूळ मिरज, सध्या मुक्काम पुणे